तोंडी आदेश

सही एका शाळेत आणि मी दुसऱ्या शाळेत, असे सहा महिने मी काढले. सकाळी माझ्या शाळेत जायचं, शिक्षक हजेरीवर सही करायची, पहिलीच्या वर्गात डोकावून पोरांना "आलेच हं" म्हणायचं आणि स्कूटी काढायची. ते "आलेच" साफ खोटं होतं. दुसऱ्याच आठवड्यात पोरांना ते कळलं, मंग मी म्हणायचंच सोडून दिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. गाव हसनाबादपासून स्कूटीवर वीस मिनिटं. नोकरीला चोवीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस पहिलीवर. "अजून पहिलीवरच का?" असं लोक विचारतात, जणू काही मी नापास होऊन होऊन तिथंच बसलेय. माझ्या सख्ख्या भावानं विचारलंय. त्याला म्हटलं, तू एकदा ये, पहिलीची पोरं अर्धा तास नुसती खाली बसवून दाखव, मंग बोल. तो अजून आलेला नाही.

पहिली सोडायची नाही, हे माझं फार जुनं ठरलेलं आहे. त्याचं कारण माझी आई. ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची आणि तिला एसटीची पाटी वाचता यायची नाही. स्टँडवर ती दिसेल त्याला विचारायची, "ही कुठली गाडी हो दादा?" मी पाच-सहा वर्षांची असताना जालन्याच्या स्टँडवर एकानं मस्करीत भलतंच सांगितलं आणि आम्ही मायलेकी भोकरदनच्या ऐवजी घनसावंगीला जाऊन उतरलो. परतीच्या गाडीत आईनं तोंडाला लावलेला पदर काढला नाही. मला तेव्हा वाटलं तिला गाडी लागलीय.

म्हणून माझ्या पहिलीची परीक्षा फाट्यावर होते. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी सगळी पोरं रांगेनं फाट्यावर नेते. येईल त्या एसटीची पाटी एकेकानं पुढं येऊन मोठ्यानं वाचायची. पुस्तकातलं पान पोरं पाठ करतात आणि वाचल्यासारखं दाखवतात, पण कोणती गाडी येणार हे मलाही माहीत नसतं. बरोबर वाचलं की कंडक्टर घंटी मारतो. बहुतेक कंडक्टरांना आता ठाऊक आहे, एक तर खिडकीतून ओरडतो, "म्याडम, वाचा जल्दी, टाइम झालाय!" मागं आया उभ्या असतात. दरवर्षी कोणीतरी एक बाई पदरानं डोळे पुसतेच, आणि मी मुद्दाम तिच्याकडं बघत नाही, कारण बघितलं की माझंही काही खरं नसतं.

मध्ये एकदा बढती आली होती. मुख्याध्यापक व्हा म्हणे. मोठ्या हॉलमध्ये सेवाज्येष्ठतेनं नावं पुकारत होते, पडद्यावर रिकाम्या शाळा दाखवत होते, एक शाळा निवडायची आणि सही करायची. मी विचारलं, वर्ग कोणता मिळंल? टेबलामागचे गृहस्थ हसले. म्हणाले, "वर्ग कशाला आता? सुटलात ना तुम्ही." मी नकाराच्या रकान्यात सही करून बाहेर आले. बाहेर उभे असलेले दोघे-तिघे माझ्याकडं असे बघत होते, जसं काही माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

पण एक कबूल करते. शेजारच्या शाळेतल्या बाईला, सराला काही अडलं तर मदत करायला मला मनापासून आवडतं. कोणी फोन केला, म्याडम माझी पोरं 'म' आणि 'भ' मध्ये गोंधळ करून राह्यलेत, की मी रविवारी घरी बोलवायची, चहा ठेवायची आणि तासभर डोकं लावायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यातनंच हे सगळं झालं.

आमच्या केंद्रात, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या हाताखाली, बारा शाळा आहेत. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. ऑगस्टच्या परिषदेत केंद्रप्रमुखांनी मला वाचनाचा पाठ घेऊन दाखवायला लावलं. पाठ चांगला झाला, टाळ्या पडल्या, गुलाबाचं फूल मिळालं. जेवणं झाल्यावर केंद्रप्रमुख हातात हेल्मेट घेऊन माझ्याकडं आले. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना वरून सतत फोन येत असतात आणि ते सतत खाली फोन करत असतात.

"म्याडम, सोमवार ते गुरुवार तुम्ही बाकीच्या शाळांवर जायचं. सगळ्यांना असं शिकवा म्हणावं."

"आणि माझी पहिली?"

"हेडसर बघतील की."

"हेडसरांकडं चौथी आहे. सर, लेखी आदेश द्या मग."

"निघंल, निघंल. सध्या तोंडी समजा."

मी खुळी, मला वाटलं आठ-पंधरा दिवसांत निघेल. महिनाभरानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. लेखी आदेश काढला तर माझा वर्ग रिकामा दाखवावा लागतो. रिकामा दाखवला की तिथं दुसरा माणूस द्यावा लागतो. आणि माणूस तर कुठंच नाही. "कागदावर तुम्ही वर्गातच हाय, म्याडम. सगळं बराबर हाय." असं म्हणून त्यांनी हेल्मेट घातलं.

लेखी आदेशाविरुद्ध अर्ज करता येतो, रजिस्टर पोस्टानं पाठवता येतो, पोच घेता येते. जो आदेश नाहीच, त्याला नकार कुठं लिहायचा? बढतीला निदान नकाराचा रकाना तरी होता. आणि जाणार नाही म्हणून वर्गात बसून राहिले, तर 'सहकार्य करत नाहीत' एवढा एक शेरा माझ्या गोपनीय अहवालात पडला की झालं. शिवाय बाकीच्या शाळांतली पोरंही पोरंच ना. त्यांना वाचता येऊ नये असं थोडंच होतं माझं? हे असं चारी बाजूंनी बांधलेलं होतं. रागवायचं तर कोणावर, तेच कळत नव्हतं. मग मी सगळ्यांवरच रागवायची, घरच्या कुकरवरसुद्धा.

शाळांवर गेल्यावर वेगळीच तऱ्हा. मी गेले की तिथल्या शिक्षकांचा चेहरा खुलायचा. "या म्याडम, या! आता तुम्ही घ्या वर्ग, मी तेवढी ऑनलाइन माहिती भरून टाकतो." मी खडू हातात घ्यायची, तासभर गाऊन-नाचून शिकवायची, पोरं खूश, सर मोबाइलमध्ये, मग चहा, मग "पुन्हा या बरं का". यात चूक माझीच होती, आज स्पष्ट दिसते. मला शिक्षकाला शिकवायला पाठवलं होतं आणि पोरं दिसली की मला राहवत नव्हतं. माझी स्वतःची तेवीस पोरं तिकडं चौथीच्या मागं भिंतीला टेकून बसली होती, आणि मी इकडं दुसऱ्याच्या वर्गाला सुट्टीच्या तासासारखी जात होते.

अपवाद एकच. केदारखेड्याकडच्या एका वस्तीशाळेवरचे सर. परतूरकडून बदलीनं आल्ते. पंचेचाळिशीचा धिप्पाड माणूस, भरघोस मिशा. जन्मभर सातवीला गणित शिकवलेलं आणि इथं एकदम पहिली गळ्यात पडलेली. पहिल्या दिवशी त्यांना बघून दोन पोरी रडायला लागल्या म्हणे. मला म्हणाले, "ताई, मला काय बी येत न्हाई. सातवीच्या पोराला रागवता येतं, ह्या चिमण्यांना काय बोलू?" मी म्हटलं, आधी खाली बसा सर, खुर्ची सोडा. तो माणूस खरंच खाली बसला, पोरांच्या रांगेत, मांडी घालून. वहीत मी काय करते ते लिहून घ्यायचा, आणि पुढच्या वेळी स्वतः करून दाखवायचा, "चुकलं तर सांगा बिलकुल, वाईट वाटून घेणार न्हाई." दिवाळीनंतर गेले तर रडणाऱ्या त्याच पोरींपैकी एक त्यांच्या मांडीवर बसून गोष्ट वाचत होती. फाट्याचं त्यांना फार आवडलं होतं. म्हणाले, होळीच्या आत माझी पोरं नेतो मी केदारखेड्याच्या फाट्यावर. परत येताना स्कूटीवर मी एकटीच गाणं म्हणत होते. असं झालं की वाटायचं, हे काम तर सोन्यासारखं आहे. मग माझ्या शाळेचं फाटक दिसायचं.

माझ्या वर्गाची हालत मला शुक्रवारी कळायची, कारण शुक्रवार-शनिवार तेवढा मी त्यांच्यात असे. हेडसर बिचारे काय करणार? चौथीला गणित घालायचं, पहिलीला सांगायचं, पाटीवर 'क' काढा. नोव्हेंबरात गेले तरी पोरं 'क' काढत होती. सोमवार ते गुरुवार चार दिवस 'क'. दोन वेण्यांची एक मुलगी होती, सगळ्यात चुणचुणीत, जूनमध्ये महिन्याभरात अर्धी मुळाक्षरं ओळखणारी. ती आता मी वाचायला सांगितलं की पुस्तकाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायची आणि अंदाजानं ठोकून द्यायची.

एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिची आई भेटली. ती आमच्याच समाजातली, रोजंदारीवर जाते. "जय भीम, बाई," म्हणाली आणि मग चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, "तुम्ही हाय म्हणून पोरगी गावच्या शाळेत घातली बरं का. इंग्लिशची गाडी दारात येत होती." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. मी म्हटलं, संक्रांतीनंतर फाट्यावर या, तुमची पोरगी पाटी वाचंल. बोलून गेले आणि घरी येईपर्यंत माझी मलाच चीड आली.

त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. एकच पान. त्यात लिहिलं, की शिक्षकाला शिकवायला येत असेल तर त्याला पुढं जाण्यासाठी वर्ग सोडावाच लागतो, असं का? एक असं पद करा, ज्यात माझा वर्ग माझ्याकडंच राहील, आठवड्यातले दोन अर्धे दिवस मी एका-दोन शिक्षकांबरोबर त्यांच्या वर्गात बसेन, तेवढ्या वेळापुरतं माझ्या वर्गावर ठरलेलं माणूस असेल, आणि हे सगळं कागदावर असेल. तो अर्ज घेऊन भोकरदनला तालुक्याच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी दोनदा वाचला. चहा मागवला.

"चांगलं लिहिलंय, म्याडम. पण असं पदच न्हाई. शिक्षक, मंग मुख्याध्यापक, मंग केंद्रप्रमुख. मधी काय न्हाई."

"मधी मी हाय ना, साहेब. सहा शाळा झाल्या माझ्या फिरून."

ते हसले, मग गंभीर झाले. "एक करा. तुमच्या हाताखाली कोण तयार झालं असंल तर त्याचं नाव केंद्रप्रमुखांना द्या. तो फिरंल, तुम्ही वर्गावर. माझी हरकत न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर तत्क्षणी मिशा आल्या. दुसरं कोणी नव्हतंच. सहा शाळांत एकच माणूस खाली बसला होता. मी म्हटलं, बघते, आणि चहा अर्धा टाकून उठले. रस्ताभर स्वतःला बजावत आले, की नाही म्हणजे नाही. ज्याला तुम्ही उभं केलं त्यालाच पुढं ढकलायचं, हा कुठला धंदा? अर्जाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

संक्रांत झाली. शनिवारी मी पोरं फाट्यावर नेली. न्यायला नको होती. पण आया येऊन उभ्या होत्या, दोन वेण्यांच्या पोरीची आई रोज बुडवून आल्ती, केसांना तेल लावून. पहिली गाडी आली, पहिला पोरगा पुढं झाला आणि गप्प. दुसरा गप्प. तिसरीनं कसंबसं वाचलं, घंटी वाजली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग पुन्हा गप्प. कंडक्टर लोक थांबून थांबून निघून जात होते. मग दोन वेण्यांची आली. समोर भोकरदनची गाडी होती. तिनं पाटीकडं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि छाती फुगवून ओरडली, "जालना!"

कंडक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं घंटी मारली. आईला वाचता येत नाही. ती हसली, पुढं येऊन तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "वाचली माझी बाय!" मला म्हणाली, "बाई, तुमचे उपकार." मी मान हलवली. माझ्या आईच्या तोंडावरचा तो पदर मला आठवला आणि वाटलं, स्टँडवर मस्करी करणारा तो माणूस आज मीच झालेय. त्या दिवशी तेवीसपैकी सहा जणांनी वाचलं.

सोमवारी सकाळी मी केंद्रप्रमुखांना फोन केला आणि केदारखेड्याकडच्या सरांचं नाव सांगितलं. दोन वाक्यं बोलले असेन. "एक नंबर! थांबा, लिहून घेतो," ते म्हणाले. सहा महिन्यांत माझ्या बाबतीत लेखी झालेली ती पहिली गोष्ट. फोन ठेवला, वर्गात गेले, दार लावलं आणि पोरांना म्हटलं, "आले." पोरांनी विश्वास ठेवला नाही. दुपारच्या खिचडीपर्यंत ती दाराकडं बघत होती.

आठवड्याभरानं सर माझ्या शाळेत आले, मोटारसायकलवर, पेढ्यांचा पुडा घेऊन. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. उलट त्यांचे डोळे भरून आल्ते. "ताई, तुमच्याकडनं शिकलो म्हणून झालं. बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला कोणी म्हणलं न्हाई की तुम्ही चांगलं शिकवता. बारा शाळांत आपलं नाव! घरी फोन करून सांगितलं मी." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की नाव कुठून आलं. मी पेढा घेतला. मोठा पेढा होता, चावून चावून तोंडात फिरत राहिला.

फेब्रुवारी, मार्च, अर्धा एप्रिल. मी दुसरं काही केलं नाही, फक्त शिकवलं. मधल्या सुट्टीत शिकवलं, शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून शिकवलं. दोन वेण्यांचीला माझ्या तोंडाकडं बघायची सवय लागली होती, म्हणून मी तिच्या मागं उभी राहून शिकवायची. एप्रिलच्या एका शनिवारी, ऊन तापायच्या आत, पोरं पुन्हा फाट्यावर नेली. या वेळी आयांना बोलावलं नव्हतं. तेवीसपैकी एकवीस जणांनी वाचलं. दोन वेण्यांची पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली, बोट हवेत फिरवत, मग हळू आवाजात म्हणाली, "भो-क-र-दन." आणि मागं वळून मला, "म्याडम, हे त्या दिवशी पण भोकरदनच होतं का?"

मी हो म्हटलं.

पुढच्या बुधवारी सर माझ्या वर्गावर आले. आता तेच फिरत होते, आणि बारा शाळांच्या यादीत माझीही शाळा होती. गळ्यात पिशवी, हातात तीच वही. वाळले होते, मिशासुद्धा पडल्यासारख्या दिसत होत्या. मी विचारलं, "वर्गावर कोण आहे सर?"

"हेडसर बघून राह्यलेत."

"काय करतात पोरं?"

त्यांनी वही उघडली, मिटली. "पाटीवर 'क' काढतात," म्हणाले. मग थोडं हसून, "फाट्यावर नेणार होतो होळीच्या आत. राहिलंच ते. ती मांडीवर बसणारी पोरगी आता लांबून बघती मला, जवळ येत न्हाई."

माझी पोरं आमच्याकडं बघत होती. सर नेहमीसारखे खाली बसले, पोरांच्या रांगेत, मांडी घालून. दोन वेण्यांची सरकली आणि तिनं त्यांना जागा करून दिली. मी खडू उचलला.

"ताई," ते खालून म्हणाले, "एक विचारू? मला अजून कागद भेटला न्हाई काही. तुम्हाला माहीत असंल. लेखी आदेश कधी निघतो हो?"

नाव मी दिलं होतं हे सांगायची ती वेळ होती. तेवीस पोरं होती समोर, आणि बाहेर माझी स्कूटी सावलीला लावलेली होती. सांगितलं असतं तर ते उठून गेले असते, मंग कोणाला तरी फिरावं लागलं असतं, आणि ते कोण, हे मला पक्कं माहीत होतं.

"निघंल, निघंल," मी म्हटलं, आणि फळ्याकडं वळले.